हातजुळणी (जोडारीकाम)

हातजुळणी म्हणजे यंत्राचा नवा भाग त्याच्या जोडीच्या भागावर प्रत्यक्ष बसवून पाहत, कानस, स्क्रेपर, रीमर, लॅपिंग पेस्ट इत्यादी साधनांनी थोडाथोडा धातू काढून तो योग्य बसवण्याची पद्धत होय. हे काम करणाऱ्या कारागिरास जोडारी किंवा फिटर म्हणतात. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यात मोठ्या प्रमाणावरील उत्पादन अदलाबदल करता येणाऱ्या भागांवर आधारलेले आहे. तरीही साचेकाम आणि जुन्या यंत्रांची दुरुस्ती यांत हातजुळणीला पर्याय नसतो.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकापर्यंत यंत्रांचे व शस्त्रांचे भाग एकेक करून जुळवले जात. एका बंदुकीच्या चापयंत्रणेचा भाग दुसरीत बसेलच अशी खात्री नसे. फ्रान्समधील ओनोरे ब्लाँ यांनी १७८५ मध्ये थॉमस जेफरसन यांच्यासमोर सुट्या भागांच्या ढिगातून कोणतेही भाग उचलून चापयंत्रणा जोडता येते हे दाखवले. पुढे अशा उत्पादनासाठी अचूक मापनाची गरज भासली. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये सपाट पृष्ठे तयार करण्याच्या पद्धतीवर निबंध सादर केला. दोन पृष्ठे एकमेकांशी तंतोतंत जुळली, तरी त्यांपैकी एक फुगीर व दुसरे खोलगट असू शकते. म्हणून तीन पृष्ठे आळीपाळीने एकमेकांवर तपासून स्क्रेपरने दुरुस्त केली जातात.

तत्त्व

रेखाचित्रातील माप दोन्ही भाग नवे आहेत असे गृहीत धरते. उदाहरणार्थ, २५ मिमी व्यासाच्या एच-७/जी-६ जुळणीत छिद्राचे माप २५.००० ते २५.०२१ मिमी आणि दांड्याचे २४.९८० ते २४.९९३ मिमी असते. म्हणजे दोहोंतील मोकळीक ०.००७ ते ०.०४१ मिमी राहते. वापराने छिद्र एका दिशेने २५.१० मिमीपर्यंत झिजले असेल, तर रेखाचित्राबरहुकूम बनवलेला निर्दोष दांडाही त्यात खिळखिळा होतो. अशा वेळी छिद्र पुन्हा गोल करून त्यात बुश बसवतात किंवा वाढीव मापाचा दांडा तयार करतात. पुढील झीज स्वस्त व सहज बदलता येणाऱ्या भागावर यावी, या हेतूने बुशसाठी सहसा गनमेटलसारखा मऊ धातू निवडला जातो.

कार्यपद्धती

प्रथम झीज मोजून संदर्भपृष्ठ निश्चित करतात. लेथचा बेड सामान्यतः चकजवळ अधिक झिजतो. तेथील मापाने नवी गिब घट्ट बसवल्यास सॅडल टेलस्टॉककडे सरकताना अडकते. म्हणून गिब बसवण्यापूर्वी बेड सरळ करावा लागतो.

नवा भाग किंचित जाड ठेवून बनवतात, कारण काढलेला धातू परत लावता येत नाही. संदर्भपृष्ठावर प्रुशियन ब्ल्यूचा पातळ थर देऊन भाग त्यावर घासला असता उंच जागांवर निळे ठिपके उमटतात. तेवढ्याच जागा स्क्रेपरने खरवडून पुन्हा तपासणी केली जाते. ठिपके सर्वत्र समान पसरेपर्यंत हा क्रम चालतो. खरवडलेल्या बारीक खळग्यांत तेल टिकून राहते, हा या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे.

केवळ पृष्ठभाग कठीण केलेला भाग जास्त घासल्यास कठीण थर निघून आतील मऊ धातू उघडा पडतो. म्हणून अशा भागाची मुख्य जुळणी कठिणीकरणापूर्वी करतात आणि नंतर फक्त लॅपिंग करतात.

पिंपरी-चिंचवड व चाकण

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्यानंतर या भागातील औद्योगिक वसाहती वाढल्या. टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) पुणे प्रकल्पाची स्थापना १९६६ मध्ये झाली. एकविसाव्या शतकात चाकण हे वाहननिर्मितीचे मोठे केंद्र बनले. पत्र्याचे भाग दाबून घडवणाऱ्या डायच्या वरच्या व खालच्या अर्धांची जुळणी याच निळ्या रंगाने तपासली जाते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील जोडारी अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून, त्यात सपाट पृष्ठ व काटकोन कानशीने साधणे आणि नर-मादी जोड बसवणे शिकवले जाते. कारखान्यांतील शिकाऊ उमेदवारी शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये चालते.

मर्यादा व सुरक्षितता

कानशीचा खोल ओरखडा किंवा चावीच्या गाळ्यातील धारदार कोपरा येथे ताण एकवटतो व तेथूनच तडा सुरू होऊ शकतो. बंदुका व रिव्हॉल्व्हर यांच्या दुरुस्तीसाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना आवश्यक आहे; जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचे फिरते चक्र नळीच्या रेषेत येणे हाताने बसवलेल्या भागांवर अवलंबून असल्याने चुकीची जुळणी धोकादायक ठरते.

हाताने जुळवलेला भाग त्या एकाच यंत्राचा होऊन जातो. त्यामुळे जोडीच्या भागांवर जुळणीखुणा ठोकणे आणि अंतिम मापे यंत्राच्या नोंदवहीत लिहिणे आवश्यक असते. अशी नोंद नसल्यास पुढील वेळी मूळ रेखाचित्रावरून बनवलेला भाग बसत नाही आणि जोडारी निवृत्त झाल्यावर झीज मोजण्यापासून सारे काम पुन्हा करावे लागते.