भोगीपासून मागे मोजा

घटस्थापनेला देवघरात पत्रावळीवर काळी माती पसरतात, तिच्यात सप्तधान्य पेरतात आणि वर पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. घटातून पाझरणारं पाणी नऊ दिवस मातीची ओल राखतं. दसऱ्याला वीतभर वाढलेले अंकुर खुडून घरातली माणसं टोपीत, कानावर खोवतात. शेतकऱ्याच्या घरी या विधीचा एक रोकडा उपयोगही आहे. राखून ठेवलेलं बी कितपत उगवतं, हे रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर डोळ्यांसमोर दिसतं.

गच्चीत किंवा गॅलरीत हिवाळी भाजी करणाऱ्यांनी या घटाकडून दोन धडे घ्यावेत. पहिला, बी आधी पारखावं. दुसरा त्या अंकुरांच्या रंगात आहे. देवघरातल्या अंधारामुळे ते पिवळे आणि लांबुडके होतात. खोलीत ठेवलेल्या ट्रेमधली टोमॅटोची रोपं तशी दिसू लागली, तर त्यांना खत नको असतं, ऊन हवं असतं.

थंडी पडल्यावर उशीर झालेला असतो

दिवाळीचा फराळ संपतो, सकाळी अंगावर शाल येते आणि मग आपल्याला बियांची पाकिटं आठवतात. पण महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात हिवाळी भाज्यांना मानवणारी थंडी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, जेमतेम तीन महिने टिकते. कोबीचं रोप तयार व्हायला महिना लागतो आणि लावणीपासून गड्डा काढेपर्यंत आणखी दोन-अडीच महिने. १ डिसेंबरला बी टाकलं, तर गड्डा भरायच्या वेळी मार्चचं ऊन तापलेलं असतं.

म्हणून हिशेब ताटापासून मातीकडे करावा. त्यासाठी भोगीइतकी सोयीची तारीख नाही. घटस्थापना तिथीने येते. २०२५ मध्ये ती २२ सप्टेंबरला होती, २०२६ मध्ये ११ ऑक्टोबरला. भोगी मात्र सूर्याच्या चालीने, १३ जानेवारीच्या आसपास, फार तर एक दिवस पुढे येते. भाज्याही तिथी पाहत नाहीत, ऊन-थंडी पाहतात.

तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबरची भोगीची भाजी घरच्या कुंड्यांतून यावी, असं ठरवा आणि मागे मोजत चला. वांग्याचं रोप व्हायला महिना, लावणीनंतर पहिलं वांगं तोडायला अडीच महिने. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा बी २५ सप्टेंबरपर्यंत पडायला हवं. गाजराला ९० दिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर. अर्केलसारख्या लवकर येणाऱ्या वाटाण्याला हिरव्या शेंगांपर्यंत दोन-सव्वादोन महिने, म्हणजे ५ नोव्हेंबर. कोथिंबीर १ डिसेंबरला, मेथी १० डिसेंबरला. एका ताटातल्या या भाज्यांच्या पेरणीत अडीच महिन्यांचं अंतर आहे. ‘रविवारी सगळं बी टाकून मोकळं व्हावं’ हा बेत इथेच फसतो.

कोणाला ट्रे, कोणाला थेट कुंडी

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, कांदा यांची आधी रोपं करतात. ऑक्टोबरात कुंड्या रिकाम्या नसतात. पावसाळी दोडका, भेंडी अजून देत असते. फूटभर जागेतला ट्रे आपल्याला तो महिना मिळवून देतो. टोमॅटो-कोबीचं रोप २५-३० दिवसांत लावणीला येतं, मिरचीचं ३५-४५ दिवसांत, कांद्याचं दीड महिन्याहून जरा पुढे.

गाजर-मुळा मात्र जागेवरच पेरावा. गाजराचं कोवळं मूळ ट्रेच्या तळाला टेकलं की त्याला फाटे फुटतात. गाजराला फूटभर खोल माती हवी, मेथीला सहा इंचही पुरते. मेथी, पालक, कोथिंबीर, वाटाणाही थेटच. बिटाचं एक बी म्हणजे खरं तर अनेक बियांचा पुंजका असतो. एका जागी तीन-चार अंकुर आले, तर विरळणी करून एकच ठेवा. धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. स्वयंपाकघरातलेच धणे पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि पेरा. तरीही उगवायला आठ-दहा दिवस लागतात. चौथ्या दिवशी माती उकरून पाहू नका.

वाण चुकलं की फ्लॉवर रुसतो

हिवाळी भाज्यांत सर्वांत लहरी फ्लॉवर. त्याची वाणं तापमानानुसार ठरलेली आहेत. लवकर येणाऱ्या वाणांचा गड्डा २० ते २७ अंश सेल्सिअसला धरतो, तर स्नोबॉल गटातल्या उशिराच्या वाणांना १० ते १६ अंशांची थंडी लागते. लवकरचं वाण उशिरा लावलं, तर रोप लहान असतानाच बटणाएवढा गड्डा धरून बसतं. उशिराचं वाण लवकर लावलं, तर नुसता पाला वाढत राहतो. आपण दोष खताला देतो, चूक पाकीट निवडतानाच झालेली असते. मुंबई-कोकणातल्या उबदार हवेत स्नोबॉलच्या वाटेला जाऊ नये. नाशिक-पुण्याच्या थंडीत प्रयत्न करायला हरकत नाही.

पाकिटावर चित्रापेक्षा बारीक अक्षरं महत्त्वाची. चाचणीची तारीख, वैधता आणि उगवणक्षमता तिथे असते. टोमॅटोच्या बियाण्याला किमान ७० टक्के उगवण अपेक्षित आहे, गाजराला ६० टक्के. म्हणजे गाजराच्या शंभरातल्या चाळीस बिया रुजल्या नाहीत, तरी ते बी नियमाप्रमाणे चांगलंच. त्या हिशेबाने जरा दाट पेरा. कांद्याचं बी वर्षभरात दम तोडतं, टोमॅटोचं कोरड्या, थंड जागी तीन वर्षंही टिकतं. मागच्या वर्षीचं पाकीट सापडलं, तर घटाचा धडा आठवा. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. टोमॅटोच्या सात रुजल्या तर पेरा. तीनच रुजल्या तर नवं पाकीट आणा. बिया गुलाबी-निळ्या दिसल्या, तर त्यांना बुरशीनाशक चोळलेलं असतं. हात धुवा, मुलांपासून दूर ठेवा.

ट्रेमधले तीस दिवस

दोन भाग धुतलेलं कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत, एवढं मिश्रण पुरतं. ओल किती असावी? मुठीत दाबल्यावर लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये. बियाच्या जाडीच्या दुप्पट खोल, एका खळग्यात दोन बिया टाका. बी रुजेपर्यंत ट्रे ओल्या वर्तमानपत्राखाली सावलीत असावा. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर दुपारपर्यंत वाळतो. लेट्यूसचं बी तर पारा तिशीपलीकडे गेला की झोपूनच राहतं. ते ओल्या फडक्यात दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून मग पेरावं. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी कागद काढून ट्रे उन्हाला लावा. परतीचा पाऊस रेंगाळत असेल, तर वर आडोसा करा.

माझा पहिला ट्रे सातव्या दिवशी हिरवागार होता आणि नवव्या दिवशी आडवा. रोपं जमिनीलगत सुतासारखी बारीक होऊन कोलमडली होती. मी मायेने सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो आणि ऊब राहावी म्हणून प्लास्टिकही काढलं नव्हतं. ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की मातीतल्या बुरशीला आणखी काही लागत नाही. आता मी सकाळी एकदाच, तेही तळातल्या ताटलीतून पाणी देतो आणि मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळतो. एका खळग्यातलं दुबळं रोप उपटत नाही, कात्रीने कापतो. उपटलं तर शेजाऱ्याची मुळंही हलतात. लावणीआधी आठवडाभर पाणी थोडं कमी करून रोपांना दिवसाच्या पूर्ण उन्हाची सवय लावावी आणि चार-पाच खरी पानं आली की संध्याकाळी लावणी करावी.

जागा ठरवताना सूर्याकडे पाहा. दक्षिणायनात तो दक्षिणेला झुकतो. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो. गच्चीच्या दक्षिणेच्या तीनफुटी कठड्याची सावली तेव्हा पावणेतीन फूट आत येते. पावसाळ्यात उन्हात असलेल्या कुंड्या हिवाळ्यात सावलीत जातात, त्या पुढे सरकवा किंवा विटांवर चढवा. दक्षिणेच्या गॅलरीला मात्र याच दिवसांत भरपूर ऊन मिळतं. उत्तरेच्या गॅलरीत टोमॅटोचा हट्ट सोडावा.

एक झाड राखून ठेवा

मेथी, मुळा, कोथिंबीर दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा. एकदम चार जुड्या खुडून शेजाऱ्यांना वाटण्यापेक्षा घरात दर आठवड्याला एक जुडी येणं बरं. आणि हंगामाच्या शेवटी मेथी-कोथिंबिरीचं एक तरी चांगलं झाड फुलू द्या, बी धरू द्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी परसातल्या अशाच राखलेल्या गावरान बियांची बँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. संकरित वाणाचं बी राखून उपयोग नाही, पुढची पिढी आईबापांसारखी येत नाही; गावरान आणि सुधारित सरळ वाणांचं जरूर राखा.

आज एवढंच करा. कॅलेंडरवर १३ जानेवारीला गोल करा, प्रत्येक भाजीचे दिवस मागे मोजून त्या त्या तारखेला तिचं नाव लिहा आणि घरात पडून असलेल्या पाकिटातल्या दहा बिया ओल्या फडक्यात बांधा. पेरायच्या की नाही, हे येत्या रविवारपर्यंत त्या बियाच सांगतील.