विश्लेषण : कविता सुचते कुठून आणि ती खरी कधी वाटते?

सकाळी मोबाइल उघडला की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर एखादी कविता आलेली असतेच. तिच्यात पाऊस असतो, आठवणी असतात, ओलावलेल्या पापण्या असतात. लिहिणाऱ्याचे दुःख बहुतेक वेळा खरेच असते, तरी वाचणारा हात जोडल्याचे चिन्ह टाकून पुढे सरकतो. आता तर ‘वडिलांच्या आठवणीवर कविता दे’ असे सांगितले की एआय काही सेकंदांत ती लिहून देते आणि ती ग्रुपवरच्या कवितेपेक्षा फारशी वेगळी नसते. भावना खरी असूनही कविता खोटी का वाटते आणि मुळात कविता सुचते कुठून, याची बरीचशी उत्तरे कवींच्या लिहिण्याच्या पद्धतीत सापडतात.

प्रेरणा म्हणजे अचानक चमकणारी वीज का?

प्रेरणेचा विषय निघाला की वाल्मीकींची गोष्ट सांगितली जाते. निषादाच्या बाणाने क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतला एक पडला आणि ऋषींच्या शोकाचा श्लोक झाला. गोष्ट सुंदर आहे, पण ती अर्ध्यावर थांबवली जाते. त्या क्षणी वाल्मीकींच्या तोंडून निघाला तो एक श्लोक. रामायण परंपरेने २४ हजार श्लोकांचे मानले जाते. उरलेले काम बसून करावे लागले.

इंग्रजी कवी विल्यम वर्ड्सवर्थ यांची डॅफोडिलच्या फुलांवरची कविता अनेकांनी शाळा-कॉलेजात अभ्यासली आहे. सरोवराकाठची ती फुले त्यांनी १५ एप्रिल १८०२ रोजी पाहिली. कविता लिहिली १८०४ मध्ये, छापली १८०७ मध्ये. मधल्या काळात बहीण डोरोथीने त्या दिवसाचे बारीक वर्णन आपल्या रोजनिशीत करून ठेवले होते आणि त्याचा कवितेला उपयोग झाला. दोन ओळी तर पत्नी मेरीने सुचवल्या. म्हणजे एका ‘उत्स्फूर्त’ वाटणाऱ्या कवितेमागे दोन वर्षांचा काळ, एक रोजनिशी आणि घरातली आणखी दोन माणसे होती.

मग बहिणाबाईंना कसे सुचत होते?

जळगावजवळच्या आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरुणपणीच वैधव्य आले, मुले वाढवायची होती, शेतीची कामे होती. गाणी झाली ती या कामांतच, घरात दळताना आणि शेतात राबताना. त्यांच्या कवितेतल्या वस्तू पाहिल्या तरी हे कळते. जाते, चूल, मोट, पेरणी, उपणणी, सुगरणीचा खोपा. विषय शोधायला त्या कुठे गेल्या नाहीत. रोज हाताखालून जाणारी गोष्टच त्या इतकी नीट पाहत की तिच्यातून संसार आणि मनाचा चंचलपणा दिसू लागे.

जात्याचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. पहाटे घर झोपलेले असताना बाई दळायला बसे. हात फिरत असे, घरघर चालू असे आणि त्या आवाजाच्या आडोशाला जे सासूपुढे, नवऱ्यापुढे बोलता येत नसे ते ओवीत बोलता येत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, भावाचे कौतुक आहे आणि बाईच्या जन्माबद्दलची उघड तक्रारही आहे. टाळ्या किंवा लाइक्स मिळतील म्हणून यातली एकही रचलेली नाही. आजच्या लिहिणाऱ्याने प्रेरणेसाठी डोंगरावर जाण्यापेक्षा ही गोष्ट उचलावी. दिवसातला थोडा वेळ असा काढावा की जेव्हा हात कशात तरी गुंतलेले आहेत आणि कोणी ऐकत नाही. भांडी घासताना, लोकलमध्ये खिडकीशी उभे असताना, दुचाकी पुसतानाही हे जमते. कानात इअरफोन असतील तर मात्र जमत नाही.

भावना खरी असून कविता खोटी का वाटते?

बा. सी. मर्ढेकर यांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ या पुस्तकात ‘आत्मनिष्ठा’ या गुणाला मध्यवर्ती स्थान दिले. लेखकाचे आपल्या अनुभवाशी इमान असणे, असा त्याचा साधा अर्थ. तो पाळल्यावर काय होते हेही त्यांनीच दाखवून दिले. १९४७ च्या ‘काही कविता’ने अनेकांना धक्का बसला, त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. चांदण्या आणि फुलांची सवय असलेल्या वाचकापुढे त्यांनी पिंपात मेलेले उंदीर ठेवले होते. महायुद्धानंतरच्या शहरी जगण्याचा जो उबग त्यांना जाणवत होता, त्याला चांदणे चालणारे नव्हते.

अडचण बहुधा इथेच असते. दुःख आपले असते आणि शब्द दुसऱ्याचे. वडील गेल्यावर लिहायला बसलेला माणूस ‘वटवृक्ष कोसळला’, ‘छत्र हरपले’, ‘घर सुने झाले’ असे लिहितो. हे शब्द हजार शोकसंदेशांत वापरून गुळगुळीत झालेले आहेत आणि एआयही तेच देते, कारण ते शिकले आहे ते अशाच मजकुरावर. पण समजा, त्याच घरात वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी आहे. बुधवारपर्यंतचे कप्पे रिकामे आणि गुरुवारपासूनचे भरलेले. ती डबी कोणी रिकामी करत नाही आणि उचलूनही ठेवत नाही. एवढे लिहिले की ‘दुःख’ हा शब्द लागत नाही. वाचणाऱ्याला स्वतःच्या घरातली डबी आठवते. ही वस्तू त्या घरात राहणाऱ्यालाच ठाऊक असते. यंत्राला ती कोणी सांगितलेली नसते.

लिहून झाल्यावर एक साधी तपासणी करता येते. कवितेतली प्रत्येक ओळ वाचून विचारावे, ही दुसऱ्या कोणाच्याही वडिलांवर जशीच्या तशी लावता येईल का? लागत असेल तर ती काढून पाहावी. पहिल्या खर्ड्यातल्या सुरुवातीच्या ओळी बऱ्याचदा अशाने जातात. त्या लिहिण्यासाठी गरम होण्यापुरत्याच असतात.

प्रामाणिक म्हणजे घडले तसेच लिहायचे?

नाही. वर्ड्सवर्थच्या कवितेतला माणूस एकटा भटकतो, प्रत्यक्षात बरोबर बहीण होती. तपशील बदलला म्हणून कविता खोटी ठरली नाही. आठवणीत त्यांना तो अनुभव एकट्याचा वाटला आणि कविता त्या वाटण्याशी प्रामाणिक राहिली. उलट, प्रत्येक तपशील खरा असूनही कवितेत ‘मी किती सोसले’ हे दाखवण्याची हौस डोकावली की वाचक सावध होतो. रागात आपणही थोडे चुकलो होतो, शोकात थोडी सुटकाही वाटली होती, अशा नको वाटणाऱ्या गोष्टी जिथे येतात तिथे कविता बहुधा खरी होऊ लागते. आजारी माणसाची वर्षानुवर्षे सेवा केलेल्यांना यावर जास्त सांगावे लागणार नाही.

प्रामाणिकपणा म्हणजे सगळे उघडे करणेही नव्हे. इंदिरा संत यांचे पती ना. मा. संत १९४६ मध्ये गेले. त्यानंतर ‘शेला’ हा संग्रह १९५१ मध्ये आणि ‘मेंदी’ १९५५ मध्ये आला. एकटेपण त्यांच्या कवितेत खोलवर आहे, पण आक्रोश क्वचितच आहे. संग्रहांची नावेही बाईच्या नेहमीच्या जगण्यातली. घटनेचे तपशील त्यांनी आपल्याकडे ठेवले आणि भावना मात्र पातळ होऊ दिली नाही. घरच्यांविषयी लिहिताना पडणाऱ्या पेचातून यामुळे एक वाट मिळते. लिहिताना काही अडवू नये. ते छापायचे की ग्रुपवर टाकायचे, हा निर्णय नंतरचा आणि त्यात दुसऱ्याच्या आयुष्याचा विचार हवा.

कवितेची भाषा वेगळी असावी लागते?

गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले आणि स्वतः कामगार म्हणून राबलेले नारायण सुर्वे यांनी ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मध्ये गिरणगावची बोलती भाषा आणली. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तले (१९७२) अनेक शब्द पांढरपेशा वाचकाला कळतही नव्हते. बहिणाबाईंची तर लेवा गणबोली. घरात आपण ‘कढत’ म्हणत असू तर कवितेत ‘उष्ण’ लिहू नये, इतके सोपे आहे हे. यमक आणि छंदाचेही तेच. ओवी बांधीव असूनही खोटी वाटत नाही आणि मुक्तछंदात ओळी तोडल्याने कोणी आपोआप प्रामाणिक होत नाही. यमकासाठी न वाटलेली गोष्ट लिहावी लागली तर यमक सोडावे.

सुचलेले लगेच लिहावे की थांबावे?

दोन्ही. सुचलेली वस्तू, ऐकलेले वाक्य लगेच टिपावे. फोनवरची नोंद किंवा आवाजाची फीत पुरते. कविता मात्र काही दिवस मुरू द्यावी आणि मोठ्याने वाचून पाहावी. टिपून ठेवण्याचा आळस मात्र महागात पडतो. बहिणाबाईंचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. त्याने आणि पितांबर चौधरी या नातेवाइकाने आईच्या तोंडची काही गाणी वहीत उतरवली होती. आई १९५१ च्या डिसेंबरमध्ये गेली. ती वही आचार्य अत्रे यांच्यापर्यंत पोहोचली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. वहीत न आलेली बरीच गाणी बहिणाबाईंबरोबरच गेली.