आरती कंठाची की यंत्राची?

गणेशचतुर्थी आली की मीरा-भाईंदरच्या सदनिकांतून सायंकाळी आरतीचे सूर उमटू लागतात. मात्र हल्ली ते पुष्कळदा कंठातून नव्हे, मोबाईलमधून येतात! लोकलने दमूनभागून परतलेले यजमान टाळ्या वाजवितात, गृहिणी निरांजन ओवाळते आणि आरती म्हणण्याचे काम यंत्राकडे सोपविले जाते.

यंत्राचा आम्हांस मुळीच तिटकारा नाही. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा भाविकांनी दूरचित्रवाणी संचालाच हार घातले होते. २०२० साली महामारीमुळे शासनाने घरगुती मूर्तीस दोन व मंडळांच्या मूर्तीस चार फुटांची मर्यादा घातली. लालबागच्या राजाची तर प्रतिष्ठापनाच झाली नाही. त्या वर्षी पडद्यावरील दर्शनाने अनेकांस धीर दिला.

परंतु दर्शन निराळे आणि आरती निराळी. समर्थ रामदासांची गणेश-आरती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती एका मुखातून दुसऱ्या मुखात जाऊन. मुले ‘संकटी’चे ‘संकष्टी’ आणि ‘फणिवरबंधना’चे ‘फळीवर वंदना’ करतात. यंत्र शुद्ध गाते खरे. पण चुकणाऱ्या मुलाचा कान काही धरीत नाही! तो मान घरातील वडीलधाऱ्यांचाच.

तेव्हा भाईंदरच्या खाडीत बाप्पांना निरोप देण्यापूर्वी एक दिवस तरी मोबाईल मिटून आरती म्हणावी. सूर ढळेल, ताल हुकेल. बाप्पा सांभाळून घेतील. पुढच्या वर्षी लवकर येण्याचे आमंत्रण यंत्राने दिलेले त्यांना तरी कसे रुचावे?