व्होल्टीय घट व विद्युत् विच्छेदन घट

आपोआप घडणाऱ्या रासायनिक विक्रियेतील ऊर्जेचे विद्युत् ऊर्जेत रूपांतर करणाऱ्या साधनास व्होल्टीय घट म्हणतात. याउलट, आपोआप न घडणारी विक्रिया ज्यात बाहेरून विद्युत् प्रवाह पाठवून घडवून आणतात, तो विद्युत् विच्छेदन घट होय. आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी आपल्या चितीची माहिती मार्च १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविली आणि त्याच वर्षी विल्यम निकल्सन व अँथनी कार्लाइल यांनी तशी चिती उभारून पाण्याचे विघटन केले. या दृष्टीने दोन्ही घट जवळजवळ जुळेच होत.

प्रयोगशाळेत पहिल्या प्रकारासाठी जॉन फ्रेडरिक डॅन्येल यांचा घट (१८३६) सोयीचा असतो. एका चंचुपात्रात झिंक सल्फेटाच्या विद्रावात जस्ताची पट्टी व दुसऱ्यात मोरचुदाच्या विद्रावात तांब्याची पट्टी उभी करतात. पट्ट्या आधी काचकागदाने घासून घेतात. पोटॅशियम क्लोराइड मिसळलेल्या ॲगरने भरलेली वाकडी नळी, म्हणजेच लवण सेतू, दोन्ही विद्रावांत बुडविली की व्होल्टमापक सु. १·१ व्होल्ट दाखवितो. सेतू उचलताच प्रवाह थांबतो. जस्ताचे अणू इलेक्ट्रॉन देऊन विद्रावात जातात (ऑक्सिडीकरण) व तांब्याचे आयन ते घेऊन पट्टीवर बसतात (क्षपण). जस्ताची पट्टी थेट मोरचुदात बुडविली, तरी विक्रिया हीच घडते. मात्र सर्व ऊर्जा उष्णतारूपाने वाया जाते. घटाची सारी करामत इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेतून जावयास लावण्यात आहे.

दुसऱ्या प्रकारात एकाच पात्रातील मोरचुदाच्या अम्लीय विद्रावात तांब्याच्या दोन पट्ट्या ठेवून त्या बाह्य उद्गमास जोडतात. एका पट्टीचे तांबे विरघळते, तितकेच दुसरीवर बसते. ०·५ अँपिअर प्रवाह ३० मिनिटे सोडल्यास ९०० कुलंब विद्युत् भार वाहतो आणि फॅराडे यांच्या नियमानुसार सु. ०·२९६ ग्रॅ. तांबे साचावयास हवे. वजन तांबे साचलेल्या पट्टीचेच घ्यावे; विरघळणाऱ्या पट्टीचे कण सुटून तळाशी पडतात व हिशेब चुकतो. प्रवाह फार वाढविल्यास थर भुसभुशीत होऊन धुताना निघून जातो. येथे दोन्ही पट्ट्या तांब्याच्याच असल्याने एकटा डॅन्येल घटही हे काम मंदपणे करू शकतो. पाण्याच्या विघटनास मात्र तो पुरत नाही, कारण त्यास सिद्धांततःच १·२३ व्होल्ट लागतात व प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक.

दोन्ही घटांची तुलना करताना विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो तो अग्रांच्या नावांबाबत, आणि त्यास मराठी संज्ञाही काही अंशी कारणीभूत आहेत. ऑक्सिडीकरण जेथे घडते, ते धनाग्र आणि क्षपण जेथे घडते, ते ऋणाग्र, ही व्याख्या दोन्हीकडे एकच आहे. परंतु विद्युत् विच्छेदन घटात धनाग्र खरोखरच धन असते, तर डॅन्येल घटात जस्ताचे ‘धनाग्र’ ऋण असते. मायकेल फॅराडे यांनी विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने १८३४ मध्ये वापरात आणलेल्या मूळ ग्रीक संज्ञांचा अर्थ ‘वर जाणारी वाट’ व ‘खाली जाणारी वाट’ असा असून त्यांत चिन्हाचा उल्लेख नाही. म्हणून चिन्हापेक्षा विक्रियेवरून अग्र ओळखणे श्रेयस्कर ठरते.

डॅन्येल घटाला १·१ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा उद्गम उलट दिशेने (धन टोक तांब्यास) जोडला, तर तोच घट विद्युत् विच्छेदन घट बनतो. तांबे विरघळू लागते व जस्त साचू लागते. मोटारगाडीच्या शिसे-अम्ल संचायक घटात विद्युत् भारण करताना असेच घडते. तेथे टोकांवरील धन-ऋण खुणा कायम राहतात, परंतु धनाग्र व ऋणाग्र यांची अदलाबदल होते. भारण करताना उद्गमाचे धन टोक घटाच्या धन टोकासच जोडावयाचे असते. ‘धनाग्र’ हा शब्द तेवढा लक्षात ठेवून जोडणी केल्यास घट निकामी होण्याचा संभव असतो. [⟶ विद्युत् विच्छेदन].