जाड पायांची अक्षरे

होंडा मोटारसायकलवर इंग्रजीत लिहिलेले नाव तुम्ही रोज पाहता. आता एकदा ते नीट पाहा. पहिले अक्षर ‘एच’. त्याच्या दोन उभ्या खांबांना वर आणि खाली आडव्या जाड पट्ट्या आहेत. जणू खांबाखाली वीट ठेवली आहे. अक्षराच्या टोकाला असलेल्या अशा पट्टीला सेरिफ म्हणतात. आपण तिला अक्षराचा पाय म्हणू. हा पाय जाड व चौकोनी असला, की त्या वळणाला ‘स्लॅब सेरिफ’ म्हणतात. घराच्या छताला आपण स्लॅब म्हणतो, तोच हा शब्द.

ही अक्षरे भिंतीवरच्या जाहिरातींसाठी जन्माला आली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये कारखाने, दुकाने, नाटकगृहे वाढली. प्रत्येकाला आपल्या मालाची जाहिरात करायची होती. पण त्या वेळी पुस्तकांत जी अक्षरे चालत, त्यांच्या उभ्या रेघा जाड आणि पाय केसासारखे बारीक असत. पुस्तक हातात धरून वाचताना ती सुरेख दिसत. रस्त्याच्या पलीकडून मात्र बारीक रेघा दिसेनाशा होत आणि ‘एच’चे नुसते दोन खांब उरत! मग १८१५ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स या लंडनच्या कारागिराने जवळजवळ सगळ्या रेघा सारख्याच जाड ठेवल्या आणि पायही तितकेच जाड केले. आता दुरूनही अक्षर पुरते ओळखू येऊ लागले.

फिगिन्सने या वळणाला ‘अँटिक’ म्हणजे प्राचीन असे नाव दिले. अगदी नव्या वस्तूला प्राचीन म्हणणे ही मोठी गंमतच! पुढे ‘इजिप्शियन’ हे नाव जास्त रूढ झाले. नेपोलियनने १७९८ मध्ये मिसर देशावर स्वारी केली, तेव्हापासून युरोपात त्या देशाच्या वस्तूंचे वेड पसरले होते. त्या देशाच्या लिपीशी या अक्षरांचा काही संबंध नाही.

उर्दू वाचणाऱ्यांना ही युक्ती चटकन समजेल. कातिब मजकुरासाठी बारीक कलम घेत असे आणि मथळ्यासाठी रुंद टोकाची कलम. त्या जाड लिखाणाला ‘जली’ म्हणतात. मात्र नस्तालीकची रेघ कलमेच्या वळणाने जाड-बारीक होत जाते, तर स्लॅब अक्षराची रेघ बहुधा एकाच जाडीची राहते.

आता अमेरिकेत काय झाले ते पाहू. मोठ्या जाहिरातीसाठी मोठे खिळे लागतात. छापखान्यातील अक्षरांच्या ठशांना आपल्याकडे खिळे म्हणतात. धातूचे मोठे खिळे फार जड आणि महाग पडत. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने फिरत्या पात्याच्या यंत्राने लाकडाचे खिळे कोरले. ते हलके व स्वस्त होते. लाकडात बारीक रेघ तुटण्याची भीती असते. जाड पाय मात्र मजबूत राहतात. म्हणून सर्कस, लिलाव, नाटक यांच्या जाहिराती अशा अक्षरांनी भरून गेल्या. काही खिळ्यांचे पाय तर खांबांपेक्षाही जाड केले जात.

१८४५ मध्ये रॉबर्ट बेस्ली याने लंडनमध्ये ‘क्लॅरेंडन’ हे वळण काढले. त्याचे पाय खांबाला सरळ कोनात न जुळता हलक्या गोलाईने जुळतात. साध्या मजकुरात एखादा शब्द ठळक उठून दिसावा, म्हणून ते बनवले होते. शब्दकोशात अर्थ विचारलेला शब्द जाड छापतात ना, तसे. बेस्लीने कायद्याने नोंदणी करून या वळणाचा हक्क मिळवला, पण तो तीनच वर्षांचा होता. मुदत संपताच इतरांनी सर्रास नक्कल सुरू केली. ज्याने डोके चालवले, त्याच्यावर हा अन्यायच होता, असे मला वाटते.

टाइपरायटरलाही हेच पाय उपयोगी पडले. कळ दाबली की कागद दर वेळी सारख्याच अंतराने सरकतो. मग रुंद ‘एम’ आणि काडीसारखा ‘आय’ यांना सारखीच जागा मिळते. ‘आय’च्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहून शब्द तुटका दिसतो. त्याला लांब पाय दिले की ती जागा भरते. १९५० च्या दशकात हॉवर्ड केटलरने आयबीएम कंपनीसाठी काढलेले ‘कुरियर’ हे वळण असेच आहे. कंपनीने त्यावर हक्क राखला नाही, त्यामुळे ते सगळीकडे पसरले. हॉलीवूडच्या पटकथा आजही त्यातच लिहितात.

आज संगणकावर जुन्या थाटाची स्लॅब अक्षरे मुद्दाम तयार करतात. झिजलेल्या खिळ्यासारखे डाग आणि ओरखडेसुद्धा काढतात! अॅडोबी कंपनीने १९९० पासून जुन्या थाटाच्या काही वळणांना जुनिपर, कॉटनवुड, रोझवुड अशी झाडांची नावे दिली, कारण त्यांचे मूळ नमुने लाकडी खिळ्यांचे होते. कॉफीचा पुडा, जीन्सची चिठ्ठी, उपाहारगृहाची पाटी यांवर ती शोभतात. पण पानभर मजकूर अशा भारदस्त अक्षरांत छापला, तर डोळे लवकर थकतात. म्हणून पुड्यावर नाव तेवढे जाड पायांचे असते आणि किंमत, वजन, तारीख साध्या अक्षरांत असते.