पंप पाठीवर घेण्याआधी



पहाटे धारेला बसावे, तो खिशातला मोबाइल वाजू लागतो. सुप्रभात, फुलांची चित्रे, कुणाच्या नातवाचा वाढदिवस, त्यातच बाजारभाव आणि पावसाचा अंदाज. एक हात कासेला आणि एक डोळा फोनवर, अशी आपली गत झाली आहे. माझीही निराळी नाही. माझ्या फोनवर व्हॉट्सॲपचे ३१ गट आहेत!

गेल्या खरिपातली गोष्ट. पावसाची झड लागली आणि एका तरुण शेतकऱ्याचे सोयाबीन पिवळे पडले. त्याने बांधावरूनच फोटो काढून गटावर टाकला. तासाभरात नऊ सल्ले आले. कुणी म्हणाले पिवळा मोझॅक, पांढरी माशी मारा. कुणी बुरशीनाशक सांगितले. पोराने तीन औषधे एकाच पंपात कालवून फवारली.

मी गेलो तेव्हा पाने करपलेली होती. वाकून एक कोवळे पान पाहिले. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. रानात पाणी तुंबले, मुळांना हवा मिळेना, मग लोह उचलणार कसे? आधी चर काढून पाणी बाहेर द्यायला हवे होते. वाफसा आल्यावर पीक बरेचसे सावरले असते. त्याची आई म्हणाली, "साहेब, सांगणारे नऊ होते, पण पंप माझ्याच पोराच्या पाठीवर होता."

त्या नऊ जणांचाही हेतू वाईट नव्हता. पण न तपासता पुढे ढकललेला संदेश कुठवर जातो? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. त्यामागे मोबाइलवर फिरणारी अफवा होती. म्हणून संदेशावर दोन बाणांची खूण दिसली, की तो बऱ्याच हातांतून फिरून आला आहे असे समजा आणि तुमच्यापाशीच थांबवा. पीएम किसानच्या नावाने 'एपीके' फाइल आली तर ती उघडूच नका. त्यातून बँकेतले पैसे जातात.

गट सोडायची गरज नाही. गावात वाईटपणा कशाला घ्या? गटाचा आवाज आठ तास, आठवडाभर किंवा कायमचा बंद करता येतो, आणि ते कुणाला कळतही नाही. फोटो आपोआप उतरणेही बंद करा, फोन भरणार नाही. आमच्या घरी दुपारची विश्रांती आणि रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास, एवढीच फोनची वेळ. (हा कायदा आमच्या मंडळींचा. मी नुसता पाळतो.)

पिकाचे विचारायचे असेल तर तीन फोटो काढा: पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि मुळासकट उपटलेले झाड. पेरणीची तारीख, आधी काय फवारले, रानात पाणी साचते का, हे लिहा. ते गटावर न टाकता कृषी विज्ञान केंद्राला किंवा तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला पाठवा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे. सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीत बोलता येते.

यंदा त्याच पोराचे तीन फोटो मला आले. खाली लिहिले होते, "साहेब, अजून काही फवारलेले नाही."