मुरगावच्या खडपांवर फुटलेली जहाजे

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक सागरदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. घाटमाथ्याचा दर्याशी संबंध किती जुना, हे सांगताना ब्रह्मपुरीत सापडलेली ही मूर्ती हमखास पुढे केली जाते. पण एकट्या मूर्तीवरून व्यापार उमगत नाही. रोजचा माल काय होता, हे पाहायचे तर आंबोली उतरून गोव्यात, मुरगावच्या तोंडाशी ग्रांदे बेटाभोवतीच्या खडपांकडे वळावे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांना तिथल्या सेंट जॉर्ज रीफवर खजिना नव्हे, भाजक्या मातीचा माल सापडला: कौले, विटा, सांडपाण्याचे नळ आणि खांबांवर बसवायचे पानांच्या नक्षीचे ग्रीक धाटणीचे माथे. मालावर मंगळूरच्या बासेल मिशनचा छाप आणि 1865 हे साल. कारखानाही त्याच साली निघालेला, त्यामुळे जहाज त्याच वर्षी फुटले असे मात्र म्हणता येत नाही. त्याआधी फुटले नाही, एवढेच पक्के. मंगलोरी कौले आपल्याकडच्या घरांवरही चढली, पण विलायती थाटाचे खांबही त्याच भट्टीतून निघत होते, हे या ढिगाऱ्यामुळे डोळ्यांसमोर येते.

आग्वादचे दीपगृह तर 1864चे. मग जहाजे आदळलीच कशी? दिवा भूशिराची खूण देतो, पाण्याखालचे खडप दाखवत नाही, आणि पावसाळी धुरकटात तो दिवाही दिसेलच याची खात्री नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जवळच अ‍ॅमी शोल्सवर वाफेच्या जहाजाचे बॉयलर आणि भट्टीच्या अग्निविटा पडल्या आहेत, त्या भंगाराला वारसा कशाला म्हणायचे? कागदपत्रे आहेतच की! पण कागदात भरलेला माल असतो. बॉयलर कोणत्या घडणीचा, भट्टीला विटा कुठल्या, हे तिथे क्वचितच सापडते. जहाजाचे नाव ठाऊक नसले तरी त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. शिवाय 1972च्या पुरावशेष कायद्याची सर्वसाधारण अट शंभर वर्षांची आहे, सोन्याची नाही. खारे पाणी लोखंड खातेच. त्यात हौशी पाणबुड्याने आठवण म्हणून एखादी वीट उचलली, तर ती भट्टीत कुठे बसली होती हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.